हाकेला ओ किती वेळात?

२००८ साली माझी भाची लग्न होऊन नैरोबीला गेली. दर रविवारी संध्याकाळी पुण्यात ताईच्या घरी स्काइपवर तिच्याशी बोलायचा कार्यक्रम असे. ताई विचारायची, “जेवलीस का गं?” पलीकडे शांतता. ऐकू गेलं नाही असं समजून ताई पुन्हा “अगं, जेवलीस का?” म्हणायला लागे, तेवढ्यात तिकडून “हो, आत्ताच” येऊन तिच्या प्रश्नावर आदळे. मग दोघी एकदम गप्प. “बोल आई.” “नाही, तू बोल.” पाच-सात मिनिटं त्यातच जायची.

२००९च्या दिवाळीत हा प्रकार बंद झाला. माय-लेकी समोरासमोर बसल्यासारख्या गप्पा मारू लागल्या. कॉम्प्युटर तेच, इकडचं ब्रॉडबँड तेच. ताईने निष्कर्ष काढला, की जावईबापूंनी काहीतरी महागडं यंत्र आणून बसवलं. जावयाला विचारलं, तर त्याने घरातली एक वायरसुद्धा हलवली नव्हती.

मग बदललं काय? याचं उत्तर ज्यांच्या आलेखात स्वच्छ दिसत होतं, ती मंडळी ना नैरोबीत होती ना पुण्यात. ती बसली होती कॅलिफोर्नियात, आणि जगभरच्या सहकाऱ्यांच्या मदतीने दर अर्ध्या तासाला शेकडो ठिकाणी एकच प्रश्न विचारत होती: “आहेस का?”

रुंदी वेगळी, लांबी वेगळी

‘नेटचा स्पीड’ म्हणताना आपण दोन गोष्टींची सरमिसळ करतो. जाहिरातीतला शंभर किंवा दोनशे एमबीपीएसचा आकडा रस्त्याची रुंदी सांगतो. एका वेळी किती गाड्या जातील, एवढंच त्यातून कळतं. एक गाडी मुक्कामाला पोचायला किती वेळ लागेल, हे रस्त्याच्या लांबीवर आणि वाटेतल्या खोळंब्यावर ठरतं. चित्रपट उतरवून घ्यायचा तर रुंदी हवी. गप्पा मारायच्या तर रुंदी थोडीही पुरते, पण शब्द झटकन पोचायला हवा. ताईचं दुखणं दुसऱ्या प्रकारचं होतं.

मोबाइलवर स्पीड टेस्ट करून हे दुखणं सापडत नाही. ती चाचणी बहुतेक वेळा जवळच्याच शहरातल्या सर्व्हरशी होते. म्हणजे घराच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत चालून बघायचं आणि त्यावरून काशीला पोचायला किती दिवस लागतील ते सांगायचं.

बरं, लांबचा रस्ता मोजायचा कुणी? कोकणातल्या एखाद्या वाडीतून दिल्लीला निघालात, तर पायवाट ग्रामपंचायतीची, पुढचा डांबरी रस्ता जिल्हा परिषदेचा, मग राज्याचा, मग राष्ट्रीय महामार्ग. उशीर झाला म्हणून तक्रार केली, तर प्रत्येकजण आपला तुकडा दाखवून म्हणणार, “आमच्या हद्दीत खड्डा नाही.” इंटरनेटचंही तसंच आहे. पुण्याहून नैरोबीला जाणारा एक शब्द चार-पाच कंपन्यांच्या जाळ्यांतून जातो आणि अख्खा रस्ता त्यातल्या कुणाच्याच मालकीचा नसतो. इंटरनेट म्हणजेच अशा हजारो स्वतंत्र जाळ्यांची आपसातली बोलाचाली. अख्खा रस्ता मोजायचा, तर या टोकाला एक आणि त्या टोकाला एक अशी माणसं हवीत, आणि त्यांचं आपसात जमायला हवं.

जोडकार्ड

पोस्टाचं जोडकार्ड जुन्या वाचकांना आठवत असेल. एका कार्डाला दुसरं कोरं कार्ड जोडलेलं, उत्तराचा खर्च आधीच भरलेला. समोरच्याने फक्त ते फाडून परत टाकायचं. कॉम्प्युटरच्या जगातलं जोडकार्ड म्हणजे ‘पिंग’. आपलं यंत्र एक लहानसं पॅकेट पाठवतं. (इंटरनेटवरून कोणतीही माहिती अशा छोट्या छोट्या पुडक्यांत बांधूनच जाते, त्या पुडक्याला पॅकेट म्हणतात.) पलीकडचं यंत्र ते होतं तसं परत करतं. पाठवल्यापासून परत येईपर्यंतचा वेळ आपण मोजायचा. हा वेळ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत सांगतात. त्याला आपण ‘फेरी’ म्हणू.

पिंग हा छोटा प्रोग्रॅम माइक म्यूस या अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या प्रोग्रॅमरने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. पाणबुडी शोधायला पाण्यात सोडतात त्या ध्वनीच्या ‘पिंग’ आवाजावरून त्याने हे नाव ठेवलं. मात्र असं पॅकेट आलं की ते परत करावं, हा शिष्टाचार १९८१ सालच्या इंटरनेटच्या नियमांतच घातलेला होता. त्यामुळे पलीकडच्या यंत्रावर नवं काही बसवावं लागत नाही. हाक मारली की ओ मिळते. पुढे शेकडो ठिकाणं मोजता आली ती यामुळेच.

आणखी एक सोय आहे. फक्त जाण्याचा वेळ मोजायचा, तर दोन्हीकडची घड्याळं मिलिसेकंदापर्यंत जुळलेली हवीत, आणि ते वाटतं तितकं सोपं नाही. फेरी मोजायला आपलं एकच घड्याळ पुरतं. ते दहा मिनिटं पुढे असलं तरी बिघडत नाही, कारण निघणं आणि परतणं दोन्ही त्याच घड्याळावर नोंदलं जातं.

पदार्थवैज्ञानिकांची निकड

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात सव्वातीन किलोमीटर लांबीचा एक सरळसोट कणवेगवर्धक आहे. ही ‘स्लॅक’ प्रयोगशाळा. १९६२ साली ती उभी राहिली. उत्तर अमेरिकेतला पहिला वेब सर्व्हर डिसेंबर १९९१ मध्ये इथेच सुरू झाला, आणि १९९३ मध्ये बीजिंगच्या भौतिकी संस्थेशी ६४ केबीपीएसची जोडणी झाली तीही इथूनच. त्या खटपटीत लेस कॉट्रेल हे स्लॅकचे नेटवर्क सांभाळणारे गृहस्थ होते.

कणभौतिकीत एका प्रयोगावर अनेक देशांतले शेकडो लोक काम करतात. यंत्र एका ठिकाणी आणि विश्लेषण करणारे जगभर. आज जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’मधल्या सीएमएस प्रयोगाची माहिती मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये येते, तीही याच रीतीने. माहिती वेळेवर पोचली नाही तर शास्त्रज्ञ नेटवर्कवाल्याच्या मानेवर बसणार. नेटवर्कवाला म्हणणार, माझ्याकडे तर सगळं ठीक आहे. हा रोजचा वाद मिटवायला १९९५ मध्ये कॉट्रेल आणि सहकाऱ्यांनी जगातल्या सहकारी संस्थांना नियमित पिंग करून नोंद ठेवायला सुरुवात केली. उपक्रमाचं नाव ‘पिंगर’.

त्यांची कृती इतकी साधी आहे की स्वयंपाकाच्या वहीत उतरवून घ्यावी. दर तीस मिनिटांनी प्रत्येक ठिकाणी आधी शंभर बाइटची अकरा पॅकेटं पाठवायची, एकेका सेकंदाच्या अंतराने. मग हजार बाइटची दहा. अकरांतलं पहिलं पॅकेट हिशोबात धरायचं नाही. कारण पहिल्या हाकेला वाटेतल्या यंत्रांना पत्ता शोधावा लागतो, म्हणून ती अंमळ उशिरा परतते. पहिलं घावन तवा तापवण्यात जातं, ते कुणी पाहुण्याला वाढत नाही. राहिलेल्या दहांतली सर्वांत लवकरची, सरासरी आणि सर्वांत उशिराची फेरी लिहायची. किती परत आलीच नाहीत, तेही लिहायचं.

या सगळ्याचा भार किती? अकरा हजार आणि वर शंभर बाइट, तेही अर्ध्या तासात. गुणाकार-भागाकार केला तर एका दिशेने सेकंदाला सरासरी जेमतेम पन्नास बिट पडतात. त्या काळच्या ५६ केबीपीएस मोडेमच्या क्षमतेचा साधारण हजारावा हिस्सा. ही कंजुषी मुद्दामची होती. ज्या देशातलं अख्खं विद्यापीठ एका बारीकशा जोडणीवर चालतं, तिथे मोजणाऱ्यानेच रस्ता अडवला तर त्या मोजणीला काय अर्थ!

आकड्यामागचा भूगोल

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे एका मिलिसेकंदात दोनशे किलोमीटर. जाऊन यायचं असल्याने हिशोब असा बसतो: दर शंभर किलोमीटर अंतराला फेरीत एक मिलिसेकंद. कितीही पैसे मोजले तरी यात सूट मिळत नाही. मुंबई ते नैरोबी सरळ अंतर सुमारे साडेचार हजार किलोमीटर, म्हणून ४५ मिलिसेकंदांच्या आत ओ येणं अशक्य. मुंबई ते कॅलिफोर्निया साधारण साडेतेरा हजार, म्हणून निदान १३५. प्रत्यक्षात केबल सरळ जात नाही, समुद्रकिनाऱ्यांना वळसे घालत जाते, म्हणून आकडा त्याहून बराच मोठा निघतो.

उपग्रहाचं गणित वेगळं. पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसणारा उपग्रह जवळजवळ छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर असतो. हाक वर जाणार, खाली येणार. मग ओ वर जाणार, खाली येणार. चार खेपांचे एक लाख चव्वेचाळीस हजार किलोमीटर. पोकळीत प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, तरी ४८० मिलिसेकंद तिथेच खर्च झाले. म्हणून दिवसभरातली सर्वांत लवकरची फेरीसुद्धा पाचशेच्या वर असेल, तर मधे उपग्रह आहे असं खुशाल समजावं. तिथे न जाता, कुणाला न विचारता.

२००९च्या मध्यापर्यंत पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला समुद्राखालची आंतरराष्ट्रीय केबलच नव्हती. केनिया, टांझानिया, युगांडा सगळे उपग्रहावर. २३ जुलै २००९ रोजी ‘सीकॉम’ ही केबल सुरू झाली. तिची एक शाखा मुंबईला येते. पिंगरच्या आलेखांत त्या देशांतल्या संस्थांसमोरची रेघ तोवर पाचशेच्या वर रेंगाळत होती, ती पायरीवरून पाय घसरावा तशी खाली आली. सगळ्यांची एकाच दिवशी आली नाही. ज्या संस्थेच्या कंपनीने केबलवर जागा घेतली, तिची आधी. दुसरीची काही महिन्यांनी. आलेखात दोन पायऱ्या दिसल्या तर ओळखावं, की आधी एक दिशा केबलवर आली आणि दुसरी अजून उपग्रहानेच चालली होती.

जावयाच्या घरात कुणी वायर हलवली नव्हती. वायर पडली होती ती समुद्राच्या तळाशी.

फेरीच्या आकड्यातून आणखी एक गंमत कळते. आफ्रिकेतल्या दोन शेजारी देशांमधली फेरी कित्येकदा युरोपला जाऊन येण्याइतकी निघे, कारण खरंच पॅकेट युरोपला जाऊन येई. दोन्ही देशांतल्या कंपन्या लंडनमध्ये एकमेकींना भेटत, गावात भेटत नसत. काखेत कळसा आणि गावाला वळसा. हसायला जाऊ नये, आपल्याकडेही तेच होतं. देशांतर्गत पॅकेटं परदेशवारी न करता इथल्या इथे बदलून घेता यावीत, म्हणून २००३ मध्ये ‘निक्सी’ ही संस्था मुद्दाम काढावी लागली.

चौकट: पिंगचा निकाल कसा वाचावा

*सर्वांत लवकरची फेरी:* रस्त्याची लांबी. शंभर किलोमीटरला निदान एक मिलिसेकंद. पाचशेच्या वर कायम असेल तर बहुधा उपग्रह.

*सरासरी आणि लवकरची यांतला फरक:* वाटेतली रांग. रात्री फरक कमी आणि कामाच्या वेळी जास्त असेल, तर रस्ता अपुरा पडतोय.

*न परतलेली पॅकेटं:* शंभरात एक गेलं तरी डाउनलोड रडतं. पाच गेली तर बोलणं तुटतं.

*एकही उत्तर नाही:* यंत्र बंद, वीज नाही, केबल तुटली, किंवा दारावरच्या राखणदाराने पिंगला आत सोडलं नाही. कोणतं, ते पिंग सांगत नाही.

हरवलेलं पोतं

चौकटीत लिहिलं, की शंभरात एक पॅकेट हरवलं तरी डाउनलोड रडतं. हे पटायला जड जातं. नव्व्याण्णव तर पोचली ना?

फाइल पाठवणारा सर्व्हर सावध व्यापाऱ्यासारखा वागतो. गिऱ्हाईक लांबचं, रस्ता अनोळखी. आधी दोन-चार पोती पाठवतो आणि पावतीची वाट बघतो. पावती आली की पुढच्या खेपेला थोडी जास्त. पुन्हा पावती, पुन्हा वाढ. एक पोतं जरी गहाळ झालं, तरी तो समजतो की रस्त्यात कोंडी आहे, आणि पुढची खेप निम्म्यावर आणतो. ही सावधगिरी अनुभवातून आली आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात दोन संस्थांमधल्या अवघ्या चारशे यार्डांच्या जोडणीवर अशी कोंडी झाली, की सेकंदाला ३२ हजार बिटांचा वेग ४० बिटांवर आला. सगळे एकदम पोती रेटत होते, हरवलेली पुन्हा पाठवत होते आणि गर्दी आणखी वाढत होती. त्यानंतर व्हॅन जेकबसन यांनी हा ‘हरवलं की निम्मं’चा शहाणपणा सर्व्हरांना शिकवला.

आता गणित बघा. पावती उशिरा येत असेल, म्हणजे फेरी लांब असेल, तर खेप वाढवायला वेळ लागतो. पोती हरवत असतील तर खेप वाढून पुन्हा पुन्हा कापली जाते. मॅथिस आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याचं एक आटोपशीर सूत्र मांडलं. फेरी दुप्पट झाली तर वेग निम्मा. हरवण्याचं प्रमाण चौपट झालं तरी वेग निम्मा. नेहमीच्या आकाराची पॅकेटं, २०० मिलिसेकंदांची फेरी आणि शंभरात एक गहाळ, एवढं असलं तर पाइप कितीही रुंद असो, एका डाउनलोडला सेकंदाला सहा लाख बिटांपलीकडे मिळत नाही. गळती दहा हजारात एकवर आणली, की तोच वेग दसपट होतो. आजचे सर्व्हर जास्त धीट आहेत, एका पोत्याने तितके घाबरत नाहीत. त्यामुळे सूत्राचा आकडा आता शब्दशः घेऊ नये. पण एका देशाची दुसऱ्याशी आणि एका वर्षाची दुसऱ्याशी तुलना करायला तो चांगला आहे. दहा पिंगांवरून डाउनलोडचा अंदाज बांधता येतो, तो याच वाटेने.

खरी कसरत

इथवर वाचून वाटेल, की हे काम एखादा हुशार विद्यार्थी आठवड्याभरात उभं करेल. करेलही. ते वीस-पंचवीस वर्षं चालू ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे. पिंगर वाढत वाढत १६० हून अधिक देशांतल्या सातशेवर ठिकाणांपर्यंत गेला. जगातल्या इंटरनेट वापरणाऱ्यांपैकी ९८ टक्क्यांहून जास्त लोक या देशांत राहतात. हाक मारणारी केंद्रंही अनेक देशांत होती. पाकिस्तानातलं ‘नस्ट’ विद्यापीठ आणि मलेशियात सारावाकमधलं ‘युनिमास’ हे त्यातले मोठे भागीदार. मला या सगळ्यात पिंगपेक्षा ही जुळवाजुळव जास्त रोचक वाटते.

पहिला प्रश्न: ओ द्यायला यंत्र कुठून आणायचं? एखाद्या देशातलं विद्यापीठ शोधायचं, त्याच्या वेब सर्व्हरला पिंग करून बघायचं. उत्तर आलं तर बरं. पण ते यंत्र खरंच त्या देशात आहे का? स्वस्त पडतं म्हणून अनेक गरीब देशांतल्या संस्था आपलं संकेतस्थळ अमेरिकेत किंवा युरोपात भाड्याच्या सर्व्हरवर ठेवतात. पत्त्याच्या शेवटी अक्षरं त्या देशाची, यंत्र मात्र परदेशात. असं यंत्र यादीत राहिलं, तर कागदावर तो देश रातोरात श्रीमंत होतो. इथे प्रकाशाचा वेगच पोलीसपाटील होतो. पश्चिम आफ्रिकेतलं म्हणवणारं यंत्र कॅलिफोर्नियाला पाच मिलिसेकंदांत ओ देत असेल, तर ते पाचशे किलोमीटरच्या आतच कुठेतरी आहे. तीन-चार देशांतून एकाच वेळी हाक मारली, की प्रत्येकाच्या अंतराचं एकेक वर्तुळ मिळतं आणि यंत्र कुठे असू शकतं, ती जागा आकसत जाते. एकट्या केंद्राला हे साधत नाही.

दुसरा प्रश्न राखणदाराचा. ऑगस्ट २००३ मध्ये ‘वेल्चिया’ नावाचा एक कृमी-प्रोग्रॅम पिंग करत करत बळी शोधत फिरला. तेव्हापासून अनेक संस्थांनी पिंगला दार लावलं. काहींनी अर्धवट लावलं: पहिल्या काही पिंगांना उत्तर, पुढच्यांना नाही. हे फसवं असतं, कारण आलेखात ते गळतीसारखं दिसतं. ओळखायची खूण अशी, की खरी गळती कुठेही होते आणि राखणदाराची गळती ठरावीक आकड्यानंतरच होते. शंका आली तर मागच्या दाराने बघायचं. म्हणजे पिंग सोडून त्याच यंत्राच्या वेबच्या खिडकीवर टकटक करायची आणि ती उघडायला किती वेळ लागतो ते मोजायचं. बेल बंद असेल तर काउंटरवर जाऊन विचारावं, तसं.

मग उरतात पत्रं. “आपलं यंत्र गेले तीन आठवडे उत्तर देत नाही, बंद केलंत का?” हे पत्र ज्याला जायचं तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. नवीन माणसाला पिंगर म्हणजे काय ते ठाऊक नसतं. त्याला वाटतं, परदेशातून कुणीतरी दर अर्ध्या तासाला आपल्या सर्व्हरवर हल्ला करतंय. त्याची समजूत घालायची, परवानगी नव्याने मागायची, जमलं तर त्याच देशातलं दुसरं यंत्र मिळवून ठेवायचं. प्रत्येक देशात किमान दोन यंत्रं असलेली बरी. एक गप्प झालं आणि दुसरं बोलतंय, म्हणजे बिघाड संस्थेचा. दोन्ही गप्प, म्हणजे देशाच्या जोडणीकडे बघायला हवं. जिथे लोडशेडिंग रोजचं आहे, तिथे ‘इंटरनेट बंद’ अशी नोंद होते तेव्हा कित्येकदा इंटरनेट धडधाकट असतं, वीज गेलेली असते. आपल्याकडे २००५ नंतरची काही वर्षं ज्यांनी काढली, त्यांना हे समजावून सांगायला नको.

बैठकीची वेळ ठरवणं हाही एक स्वतंत्र उद्योग. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात बुधवारचे रात्रीचे आठ, तेव्हा इस्लामाबादला गुरुवारचे सकाळचे आठ आणि सारावाकात अकरा. बैठक बुधवारची म्हणायची की गुरुवारची? शिवाय अमेरिका वर्षातून दोनदा घड्याळ एक तास मागेपुढे करते, बाकीचे दोघे करत नाहीत. म्हणून नोव्हेंबरात कुणीतरी तासभर आधी येऊन रिकाम्या फोनवर बसणार, हे ठरलेलं. नोंदींत हा गोंधळ शिरला तर रात्रीची गर्दी दुपारी दिसेल. त्यामुळे आकडे नोंदताना सगळ्यांनी एकच जागतिक वेळ वापरायची, स्थानिक वेळ फक्त चहा प्यायला.

आणि मोह आवरायचा. दर दोन-चार वर्षांनी नवी, चकचकीत मोजणीची पद्धत येते. तरुण सहकाऱ्याला कृती बदलावीशी वाटते: अकराऐवजी पन्नास पिंग, अर्ध्या तासाऐवजी पाच मिनिटं. पण माप बदललं की १९९८ आणि २०१२ शेजारी ठेवता येत नाहीत. काही ठरावीक यंत्रं अशी होती, की ज्यांना प्रत्येक केंद्राने हाक मारायचीच. त्यांना ही मंडळी दीपगृहं म्हणत. त्यांच्यामुळे पाकिस्तानातून जग कसं दिसतं आणि स्वित्झर्लंडमधून कसं, हे एकाच मापाने बघता येई. आफ्रिकेतली सरासरी जोडणी युरोपच्या दशकभराहून जास्त मागे आहे, असं हे अहवाल सांगू शकले ते जुनं माप तसंच ठेवल्यामुळे. माझ्या मते या उपक्रमातली सर्वांत अवघड तांत्रिक कामगिरी हीच: न बदलणं.

सावड

दुसऱ्या वाटेने जाणारेही आहेत. अॅम्स्टरडॅमच्या ‘राइप एनसीसी’ने २०१० मध्ये ‘राइप अॅटलस’ सुरू केला. त्यांनी संस्थांच्या मागे न लागता काड्यापेटीएवढी यंत्रं तयार केली आणि स्वयंसेवकांना फुकट वाटली. घरच्या राउटरला जोडून द्यायची आणि विसरून जायचं. अशी दहा हजारांहून जास्त यंत्रं आज जगभर चालू आहेत.

लोकांनी ती का लावावीत? आपल्या शेतकऱ्यांची सावड असते ना, आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू, तसाच हिशोब. तुमचं यंत्र दुसऱ्यांसाठी मोजणी करत राहिलं, की तुमच्या नावावर गुण जमतात. ते खर्चून तुम्ही ब्राझील, जपान, घाना, जिथे यंत्र असेल तिथून स्वतःला हवी ती मोजणी करून घ्यायची. पत्रं लिहायला नकोत, बैठका नकोत. यात एक तोटा मला दिसतो. यंत्रं तिथेच दाट, जिथे हौशी तंत्रज्ञ दाट. युरोपात ती गर्दीने आहेत, आफ्रिकेत विरळ. जिथे मोजायची गरज जास्त, तिथे मोजणारा कमी. पिंगरवाले पत्रं लिहून लिहून नेमके त्याच जागी पोचले होते.

अलेक्झांड्रियाजवळची ती सकाळ

३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात दोन केबली तुटल्या, सी-मी-वी ४ आणि फ्लॅग. दोन्ही मुंबईला येणाऱ्या. भारत, पाकिस्तान, इजिप्त आणि आखाती देशांत इंटरनेट रांगायला लागलं. बातम्यांत ‘इंटरनेट ठप्प’ असं छापून आलं, पण ठप्प सगळीकडे सारखं नव्हतं. ज्या कंपन्यांनी पूर्वेकडून, पॅसिफिकच्या वाटेनेही जागा घेऊन ठेवली होती, त्यांचं चालू राहिलं. ज्यांनी स्वस्तात एकाच वाटेवर भिस्त ठेवली, ते अडकले. वापरणाऱ्याला आपली कंपनी यातली कुठली, हे एरवी कळायला मार्ग नसतो. आलेखावर मात्र ते वेगवेगळं उमटतं: कुणाची फेरी लांबते, कुणाची गळती वाढते, कुणी पूर्ण गप्प होतं. एकच देश, एकच अपघात, तरी रेघा तीन तऱ्हेच्या. जानेवारी २०११च्या अखेरीस इजिप्त सरकारने देशाचं इंटरनेट तोडलं, तेव्हाचं चित्र निराळं होतं. केबल शाबूत, वीज चालू, आणि यंत्रं जवळजवळ एकदमच गप्प.

हे लिहिताना मलाही हुक्की आली. कॉम्प्युटरची ती काळी खिडकी उघडली, पिंग हा शब्द इंग्रजीत टाइप केला आणि पुढे नैरोबीतल्या एका संस्थेच्या संकेतस्थळाचा पत्ता घातला. खिडकीत चार ओळी उमटल्या. चार हाका, चार ओ, एकही हरवली नाही. फेरी १८ मिलिसेकंद.

ताई शेजारीच बसली होती. म्हणाली, “बघ, किती जवळ आलं नैरोबी.”

मी पुन्हा आकडा बघितला. साडेचार हजार किलोमीटर, म्हणजे निदान ४५. १८ मिलिसेकंदांत ओ देणारं यंत्र नैरोबीत असूच शकत नव्हतं. फार तर मुंबईच्या एखाद्या इमारतीत, कुणाच्या तरी भाड्याच्या कपाटात. मी भाचीला मेसेज टाकला: तुमच्याकडे एखादं असं कॉलेज माहीत आहे का, ज्याचा सर्व्हर खरंच त्यांच्याच इमारतीत आहे?